शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य : निवडून आल्यावर काय करावे?

आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी आणि त्यांच्या घरच्या महिलांपैकी बरेच जण आपापल्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर निवडून गेलेले आहेत. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांपैकी काहींशी बोलताना असे आढळून आले की, आपण कशावर निवडून आलो आहोत व तेथे बसून काय करावयाचे आहे, याची त्यांना नीटशी कल्पना नाही. एका भगिनीने तर मला सरळच विचारले, "भाऊ, सही करायची असते एवढं माहीत आहे. आणखी काय असतं?" प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या उत्तरादाखल लिहिला आहे. मी स्वतः दोन मुदती एका जिल्हा परिषद शाळेच्या समितीवर पालक सदस्य होतो. त्या काळात काही गोष्टी केल्या, काही चुकाही केल्या. त्या दोन्ही येथे सांगणार आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. गावच्या शाळेचा कारभार गावातील निवडून आलेल्या माणसांनी पाहावा, ही कल्पना नवी नाही. मुंबई इलाख्यात १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि प्राथमिक शाळा लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्या ताब्यात देण्याचे ठरले. त्यांनी नेमलेली स्कूल बोर्डे शाळा चालवू लागली. हे ऐकावयास फार चांगले वाटते. परंतु १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सायमन कमिशनपुढे जे निवेदन ठेवले, त्यात या हस्तांतराला स्पष्ट विरोध केलेला होता. प्राथमिक शिक्षण स्कूल बोर्डांच्या हाती देणे थांबविले नाही, तर अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणाची मोठी पीछेहाट होईल, असे त्यात म्हटले होते. कारण उघड होते. बोर्डावर गावातील वजनदार मंडळी बसणार, आणि ज्यांनी आमच्या मुलांना शाळेच्या ओट्याखाली बसविले तेच आमच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च ठरविणार!

पुढे १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांची नव्याने रचना झाली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि जिल्हा स्कूल बोर्डांचे काम त्यांच्याकडे गेले. गावच्या पालकाला शाळेच्या कारभारात कायद्याने जागा मिळाली ती मात्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ मध्ये आपली समिती आहे. (विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही, आणि अनुदानित अल्पसंख्याक शाळांत समिती केवळ सल्ला देण्यापुरती असते, हे लक्षात ठेवावे.) या कलमात तीन अटी आहेत. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. निम्म्या महिला असल्या पाहिजेत. आणि वंचित गट व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. १९२८ साली ज्या गोष्टीची धास्ती होती, तिच्यावरचा उतारा या तिसऱ्या अटीत आहे. निदान कागदावर तरी आहे.

निवड कशी होते आणि कशी व्हावी

महाराष्ट्र शासनाने २०१० साली समितीची रचना ठरवून दिली. त्यानुसार सदस्य १२ ते १६, मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव आणि मुदत दोन वर्षांची. पालक सदस्यांची निवड पालकसभेतून करावयाची व अध्यक्ष-उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडावयाचे. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायतीचा एक निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी निवडलेला एक शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेला गावातील एक माणूस असतो.

प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी काय होते ते आपण जाणतोच. पालकसभेची सूचना फळ्यावर लिहिली जाते. सभा कामाच्या दिवशी दुपारी ठेवली जाते. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांना एका सभेसाठी दिवसाची मजुरी सोडणे परवडत नाही. मग पंधरा-वीस माणसे जमतात, आधीच तयार असलेली यादी वाचली जाते, टाळ्या होतात आणि चहा येतो. आपल्या वस्तीतील एखाद्याचे नाव त्या यादीत असते, पण ते कोणी व का घातले हे त्यालाही ठाऊक नसते. महिलांच्या बाबतीत तर नाव पत्नीचे आणि खुर्चीवर पती, हा प्रकार आपल्यातही आहे, हे कबूल केले पाहिजे.

यावर उपाय फार अवघड नाही. सभेपूर्वी आठ दिवस मुख्याध्यापकांना भेटून शाळेचा पट विचारावा. एकूण मुले किती आणि वंचित गटातील किती, एवढेच विचारावे. समजा, पटावर ८० मुले आहेत व त्यांपैकी २० वंचित गटातील आहेत. मग १२ पालक सदस्यांपैकी ३ त्या मुलांचे पालक असावयास हवेत. हा हिशेब तेथल्या तेथे करता येतो व त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. सभेची वेळ बदलण्याची विनंतीही लेखी द्यावी. आमच्या गावी आम्ही संध्याकाळी सहाची वेळ मागून घेतली, तेव्हा आलेल्या स्त्रियांची संख्या पाहून शिक्षकांनाच आश्चर्य वाटले.

नोंदवहीची गोष्ट

आता मी माझ्या चुकीकडे वळतो, कारण या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब तीच आहे.

मी निवडून आलो त्या वर्षी मार्च महिन्यात शाळेचा एक मुलगा इतिवृत्ताची नोंदवही घेऊन माझ्या घरी आला. चार ठिकाणी सह्या हव्या होत्या. वरचा भाग कोरा होता. "सरांनी सांगितलंय, नंतर लिहितील," असे तो म्हणाला. मी कामावर निघालो होतो. मी सह्या केल्या.

पुढे पावसाळ्यात माझी मुलगी, ती तेव्हा सहावीत होती, मधल्या सुट्टीत घरी येऊ लागली. शाळा आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. येऊन-जाऊन तिची सुट्टी संपे आणि तिला उशीर झाल्याबद्दल वर्गाबाहेर उभे राहावे लागे. तिच्या आईने खोदून विचारले, तेव्हा कळले की मुलींच्या स्वच्छतागृहाला दारच नाही. मोठ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत. मी तावातावाने शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी शांतपणे नोंदवही काढून माझ्यासमोर ठेवली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची दुरुस्ती झाली असून खर्चास समिती मान्यता देत आहे, असा ठराव त्यात होता. अनुमोदक म्हणून माझे नाव होते आणि खाली माझी सही होती. तक्रार करावयाची तर कोणाविरुद्ध?

मुख्याध्यापक काही दुष्ट माणूस नव्हते. अनुदान फेब्रुवारीच्या अखेरीस आले होते आणि ३१ मार्चपूर्वी उपयोगिता प्रमाणपत्र न दिल्यास पैसे परत जातील, असे वरून सांगितले जात होते. सुताराला आगाऊ रक्कम दिली होती, तो आला नाही. त्यांनी कागद पुरा केला आणि दार राहून गेले. असे अनेक शाळांत होत असावे. परंतु कारण काहीही असो, त्या चार महिन्यांची किंमत मुलींनी दिली, आणि ती माझ्या सहीने दिली.

त्यानंतरच्या सभेत मी तीन गोष्टी मागितल्या. मागील ठराव चुकीचा नोंदला गेला आहे, अशी नोंद माझ्या सहीनिशी नव्या इतिवृत्तात घ्यावी. नोंदवही यापुढे शाळेबाहेर जाऊ नये. आणि प्रत्येक सभेच्या आरंभी सर्व सदस्यांनी शाळेला एक फेरी मारावी : वर्ग, पाण्याची टाकी, स्वयंपाकघर व दोन्ही स्वच्छतागृहे. पहिल्या मागणीवर बरीच कुरकुर झाली. मला त्या दिवशी दोन पालकांखेरीज कोणी साथ दिली नाही, आणि त्या दोघी स्त्रिया होत्या. पण नोंद झाली. दार दिवाळीच्या सुट्टीत बसले.

म्हणून नव्या सदस्याला मी प्रथम हेच सांगतो की, इतिवृत्त संपूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे, त्यात काहीच कमीपणा नाही. कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारावी. ठराव मान्य नसेल तर 'माझा विरोध आहे' एवढे तीन शब्द सहीशेजारी लिहावेत. सभेत केलेले भाषण हवेत जाते, हे तीन शब्द ऑडिटपर्यंत जातात.

पैसा व आराखडा

समितीला कायद्याने दिलेली मुख्य कामे म्हणजे शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणे. यांपैकी देखरेखीविषयी सर्वजण बोलतात, आराखड्याविषयी कोणीच नाही. वास्तविक कलम २२ प्रमाणे हाच आराखडा शासनाच्या योजनांचा व अनुदानाचा पाया मानावयाचा आहे. आराखडा तीन वर्षांचा असतो व त्यात दर वर्षाची वेगळी मागणी असते. कोणत्या वर्गात किती मुले येतील, किती शिक्षक कमी पडतील, कोणत्या खोल्या व सोयी लागतील, खर्च किती येईल, हे त्यात मांडावयाचे असते. शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून पुढे पाठविण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो आराखडा समितीसमोर मांडावा, असा आग्रह धरावा. शिक्षकांची मागणी करताना कायद्याच्या परिशिष्टातील आकडे जवळ ठेवावेत : पहिली ते पाचवीला ६० पर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक, ६१ ते ९० असल्यास तीन, ९१ ते १२० असल्यास चार. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांना किमान एकेक शिक्षक.

समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी जे संयुक्त अनुदान मिळावयाचे असते, ते पटावर ठरते. निकषांप्रमाणे ३० पर्यंत मुलांच्या शाळेला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० रुपये, २५० पर्यंत ५०,००० रुपये व १,००० पर्यंत ७५,००० रुपये आणि त्याहून मोठ्या शाळेला १ लाख रुपये. यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च व्हावयाची असते. रक्कम पूर्ण आली की अर्धी, हे विचारावे. कॅशबुक, पावत्या आणि डेडस्टॉक रजिस्टर ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे फारसे शिक्षण नसलेल्या माणसालाही ताळा जमतो. किराणा दुकानाची उधारीची वही जो तपासू शकतो, त्याला हे अवघड नाही.

गणवेशाचे उदाहरण घ्या. पूर्वी गणवेश खरेदी समितीकडे होती. २०२४-२५ साली राज्य शासनाने सर्व शाळांसाठी कापड एकत्र खरेदी करून बचत गटांकडून शिलाईची पद्धत आणली. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा आले आणि मापाच्याही तक्रारी झाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हे काम २०२५-२६ पासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. म्हणजे कापड कोणते घ्यावे, शिंपी कोण व माप कोणी घ्यावे, हे आता गावातच ठरते. तेव्हा गणवेशाचा रंग उडाला तर मंत्रालयाला बोल लावून भागणार नाही.

पंगत आणि झाडू

शालेय पोषण आहाराला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव आहे, गावात मात्र ती खिचडीच आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी आहाराची चव घ्यावयाची असते व त्यांत एक शिक्षक असावाच लागतो. आहाराच्या दर्जावर देखरेख करणे हे समितीचे काम आहे, असे २०१५ च्या केंद्रीय नियमांतही सांगितलेले आहे. सदस्याने न कळविता दुपारी जाऊन मुलांबरोबर जेवावे. चव नोंदवहीत 'उत्तम' असा शिक्का सगळ्याच दिवशी असतो. डाळ किती पातळ आहे, हे ताटात दिसते.

तेथेच आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे मुले कशी बसतात. एकत्र बसतात, की वस्तीप्रमाणे? पाण्याच्या टाकीवर पहिला तांब्या कोण भरतो? वर्ग झाडण्याची पाळी सर्वांवर येते, की ठराविक मुलांवर? या कायद्याखालील केंद्राच्या नमुना नियमांत हे स्पष्ट नमूद केले आहे की, वंचित गटातील मुलांना वर्गात, जेवणाच्या वेळी, मैदानावर, पाणी व स्वच्छतागृहाच्या वापरात, तसेच वर्ग व स्वच्छतागृहे साफ करण्याच्या कामात वेगळी वागणूक मिळता कामा नये. झाडूचा उल्लेख नियमात करावा लागला, यातच सर्व आले. मुलांनी शाळा झाडू नये असे माझे म्हणणे नाही. मीही झाडली आहे. पण पाळीचा तक्ता भिंतीवर लावलेला असावा व त्यात सरपंचाच्या नातवाचेही नाव असावे. आमच्या शाळेत हा तक्ता लावण्यास एक ओळीचा ठराव पुरेसा झाला. भांडण करावे लागले नाही. काही गावांत ते करावे लागेल.

गैरहजर मुले

हजेरीपटावर नाव आहे आणि मूल वर्गात नाही, ही बाब सर्वांत गंभीर असून सदस्यांचे तिकडे सर्वांत कमी लक्ष असते. मराठवाड्यातील व नगर जिल्ह्यातील आपले कितीतरी बांधव दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोणी वीटभट्टीवर जातात. मुले सोबत जातात, धाकट्या भावंडांना सांभाळतात, आणि दोन-तीन हंगामांत शाळा सुटते ती कायमची. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते व सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय समितीमार्फत होते. परंतु यासाठी मुलांची यादी व समितीचा ठराव वेळेवर वर जावा लागतो. मुकादमाची उचल घेऊन टोळी निघाली, ट्रॅक्टर गावाबाहेर गेला, की ठराव करून काय उपयोग? गणेशोत्सव संपला, की या कामाला लागावे. घरोघर जाऊन कोण जाणार, आजी खंबीर आहे काय, मुलगी असल्यास तिला कोठे ठेवावयाचे, हे विचारणे शिक्षकांपेक्षा वस्तीतल्या सदस्याला जास्त जमते. ज्यांना मूल नेण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांना शिक्षण हमी पत्रक मिळवून द्यावे. ते दाखवून कारखान्याच्या परिसरातील शाळेत मुलाला बसता येते. दाखला नाही किंवा जन्माचा पुरावा नाही या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही, हेही आईबापांना सांगून ठेवावे.

समितीत ऐकून घेतले गेले नाही, तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी गाऱ्हाणे करता येते. त्याचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे व त्याविरुद्ध राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांना आधी भेटावे, हे व्यवहाराला धरून आहे. अर्जाची पोच मात्र प्रत्येक ठिकाणी घ्यावी. आणि एक सूचना करावीशी वाटते. शिक्षकाला विरोधक समजून समितीवर जाऊ नये. दोन शिक्षकी शाळेतल्या गुरुजींवर पाच वर्ग, खिचडीचा हिशेब आणि रोजची ऑनलाइन माहिती यांचा भार असतो. आराखड्यात तिसऱ्या शिक्षकाची मागणी आपण जोराने लावून धरली, की तेच गुरुजी नोंदवही आपणहून पुढे करतात, असा माझा अनुभव आहे.

माझी दुसरी मुदत संपली, तेव्हा आमच्या वस्तीतून माझ्या जागी एक भगिनी निवडून आल्या. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत व दुसऱ्यांच्या शेतात कामाला जातात. त्यांच्या पहिल्या सभेला मी ओट्यावर बसून होतो. सभा संपली, नोंदवही फिरत त्यांच्याकडे आली, आणि त्यांना आठवले की चष्मा घरी राहिला आहे. शेजारच्या सदस्याने "सही कुठं करायची" म्हणून बोट ठेवून दाखविले. त्या म्हणाल्या, "थांबा." त्यांनी आपल्या मुलाला घरी पिटाळले. चष्मा येईपर्यंत समितीचे सर्व सदस्य व मुख्याध्यापक वीस मिनिटे बसून राहिले.